शस्त्रक्रियेची चित्रफीत कशी पाहावी
बेळगावात नव्याने रुजू झाला आहात, म्हणून सांगतो: दुर्बिणीद्वारे केलेल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेची चित्रफीत पाहताना हातांच्या वेगाला भुलू नका, कापण्यापूर्वी पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना (पित्ताशयाची नलिका आणि धमनी) स्पष्ट दिसल्या का आणि पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून पुरेसा सुटा झाला होता का, हे तेथेच थांबून तपासा. संपादित, देखण्या चित्रफितींवर माझा फारसा विश्वास नाही; रक्तस्रावाची मिनिटेच अधिक शिकवतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या अभ्यासात २० शल्यचिकित्सकांच्या चित्रफिती सहकाऱ्यांनी नावे न कळता तपासल्या, तेव्हा ज्यांचे कौशल्य कमी ठरले त्यांच्या रुग्णांत गुंतागुंत अधिक आढळली. त्यामुळे स्वतःची चित्रफीत वरिष्ठांना दाखवण्यात संकोच नको. खानापूर, निपाणीकडून येणाऱ्या रुग्णाची संमती त्याला समजणाऱ्या मराठीत किंवा कन्नडमध्ये आधीच घ्यावी आणि त्याचे नाव चित्रफितीतून काढावे.