खुब्याचा सांधा बदलल्यावर नुसते चालणे पुरते का?

आपल्या 72 वर्षांच्या आईंच्या खुब्याचा सांधा बदलून दीड महिना झाला, वॉकर धरून त्या घरात व्यवस्थित चालतात, मग निराळे व्यायाम हवेत कशाला, असे आपण विचारले आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझे स्पष्ट मत असे, की नुसते चालणे पुरत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी दुखण्यामुळे कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे, त्या पायावर पुरता भार पडलेला नसतो आणि खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू रोडावतात. पाऊल टाकताना आपण क्षणभर एकाच पायावर असतो. तेव्हा कंबर तोलून धरणारे स्नायू हेच. ते अशक्त राहिले, तर नवा सांधा उत्तम बसूनही माणूस लंगडतो आणि तसेच चालत राहिल्याने ते लंगडणे अंगवळणी पडते.

यासाठी आईंनी ओट्याला दोन्ही हातांनी धरून ताठ उभे राहावे आणि शस्त्रक्रिया झालेला पाय, गुडघा न वाकवता, सावकाश बाजूला नेऊन तितक्याच सावकाश परत आणावा. पाय वीतभर गेला तरी पुष्कळ झाले. आपण मागे उभे राहून त्यांच्या खांद्यांकडे पाहा: धड विरुद्ध बाजूला कलले, तर पाय उंच गेलेला दिसतो, पण स्नायूला हवे तेवढे काम पडत नाही. मात्र काही शस्त्रक्रियांत हेच स्नायू सोडवून पुन्हा शिवलेले असतात, म्हणून सर्जनना विचारल्याखेरीज हा व्यायाम सुरू करू नये. पुढे उंच, हातांच्या खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा सराव करावा आणि हातांचा आधार हळूहळू कमी करावा.

छेद मागच्या बाजूने घेतला असेल, तर साधारण 6 ते 12 आठवडे खुबा 90 अंशांपेक्षा अधिक वाकवणे, पायावर पाय टाकणे आणि पाऊल आत वळवणे टाळायला सांगतात. पाटावर बसणे आणि भारतीय पद्धतीचे शौचालय त्यातच आले. वॉकर सुटल्यावर काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा आधी. लंगडणे थांबेपर्यंत काठी सोडण्याची घाई करू नये, मग शेजारीपाजारी काहीही म्हणोत.

पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली, जखमेतून स्राव आला किंवा खुब्यात अचानक तीव्र कळ येऊन पाय आखूड दिसू लागला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी, विनाविलंब, रुग्णालय गाठावे.