नवे-जुने सिनेमे, चार ओळींत मत

सिनेमावर चार ओळींत मत लिहायला तुम्ही नुकतीच सुरुवात केलीय; ती छान झालीय, लिहीत राहा. फक्त कथानक सांगणं थांबवा. बहुतेक नवखे तीन ओळी गोष्टीतच घालवतात आणि मताला जागा उरत नाही. 'अप्रतिम', 'भिकार' हे शब्दही सध्या नकोत. एक नेमकी जागा धरा. 'संत तुकाराम' (१९३६) आवडला ना? मग गौरी यांनी उभी केलेली तुकोबांची करवादणारी, तरी मायाळू बायको, एवढ्यावरच लिहा. पुरे आहे.

आणखी दोन गोष्टी:

- जुन्या सिनेमाला 'संथ' म्हणण्याआधी तो सलग पाहा. मोबाइलवर तुकड्यातुकड्यांत पाहिलेला 'सिंहासन' (१९७९) कळणारच नाही, त्यात पात्रं किती!
- 'कोर्ट' या सिनेमातला कॅमेरा लांबून, स्थिर बघत राहतो. तो कंटाळवाणा वाटला तर बेधडक तसं लिहा, पण का वाटला तेही लिहा.

संकलन, प्रकाशयोजना हे सगळं नंतर बघू.