जास्त नग घेतले की सप्लायर दर कमी करतो, मग एका वेळी किती माल मागवावा?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फरसाणचा कारखाना आहे, वर्षाला पाच-प्लायची, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याची, १२,००० खोकी लागतात. हजाराच्या आत घेतली तर ४० रुपये नग, हजारापासून पुढे ३८, आणि ६,००० एकदम उचलली तर सगळ्यांना ३७. एका ऑर्डरमागे टेम्पो, हमाली, तपासणी धरून १,२०० रुपये जातात. ईओक्यूचं सूत्र, म्हणजे एका वेळी किती मागवलं की ऑर्डरींचा आणि साठ्याचा मिळून खर्च सगळ्यात कमी येतो ते काढायचं सूत्र, तुम्हाला येतं, पण दराचे स्लॅब आले की कुठलं उत्तर धरायचं ते कळत नाही.

रीत सोपी आहे, ती आधी सांगून टाकते. सगळ्यात स्वस्त दरापासून सुरुवात करा. त्या दराला ईओक्यू काढा. आकडा त्या स्लॅबात बसला तर तेच उत्तर, पुढे बघायचंच नाही. कमी आला तर त्या स्लॅबची किमान संख्या, म्हणजे तुमच्या बाबतीत ६,०००, घ्या आणि वर्षाचा एकूण खर्च मांडा: मालाची किंमत, ऑर्डरींचा खर्च आणि साठा सांभाळायचा खर्च, तिन्ही मिळून. मग त्याच्या वरच्या दराला तेच करा. ईओक्यू जिथे आपल्या स्लॅबात बसेल तिथे थांबा आणि निघालेल्या खर्चांतला सगळ्यात कमी उचला. फोर्ड हॅरिसने १९१३ मध्ये मूळ सूत्र मांडलं त्यात दर एकच धरलेला होता, म्हणून स्लॅब आले की ही पायरी-पायरीची तुलना करावी लागते. एवढंच.

पण या सगळ्यात एक आकडा असा आहे की तो कोण भरतो त्यावर उत्तर फिरतं. तो म्हणजे साठा सांभाळायचा वार्षिक टक्का: साठ्यातल्या मालाच्या किमतीच्या किती टक्के पैसे तो वर्षभर सांभाळण्यात जातात. तुमच्याच आकड्यांवर दाखवते.

टक्का १२ धरला, म्हणजे नुसतं बँकेचं व्याज, तर ३८ च्या दराला ईओक्यू साधारण २,५१३ येतो आणि वर्षाचा एकूण खर्च ४,६७,४६०. एकदम ६,००० घेतले तर ४,५९,७२०. म्हणजे मोठी ऑर्डर ७,७४० रुपयांनी स्वस्त. आता टक्का ३० धरा. ३८ च्या दराला ईओक्यू १,५८९, खर्च ४,७४,१२०. आणि ६,००० चा खर्च ४,७९,७००. तीच मोठी ऑर्डर आता ५,५८० रुपयांनी महाग. सप्लायर तोच, दर तेच, खोकं तेच. साधारण २३ टक्क्यांच्या खाली मोठी ऑर्डर जिंकते, वर गेली की हरते. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न 'किती मागवू' हा नाही, 'माझा टक्का किती' हा आहे.

याच टक्क्यावरून माझं आणि आमच्या पर्चेस मॅनेजरचं वाजलेलं आहे. सांगलीजवळ एका मसाला कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचे. खोक्यांची खरेदी पर्चेसकडे, खोकी ठेवायची माझ्याकडे. एका वर्षी साहेबांनी खोकीवाल्याशी घासाघीस करून नगामागे रुपया-सव्वा रुपया पाडला आणि त्या बदल्यात सहा महिन्यांची खोकी एकदम घ्यायची कबूल करून आले. मालक खूश. मीटिंगमध्ये तक्ता दाखवला, वर्षाची बचत इतकी इतकी. मी विचारलं, यात गोडाऊनचा खर्च कुठे आहे? साहेब म्हणाले, "मॅडम, गोडाऊन आपलंच आहे, त्याला कसलं भाडं? तुम्ही माल सांभाळा, दराचं आम्ही बघतो." व्याज तेवढं त्यांनी १२ टक्के धरलं होतं.

आता आमच्या धंद्याचं वेळापत्रक बघा. फेब्रुवारीपासून मेपर्यंत सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीची आवक असते, मिरचीचा हंगामही त्याच्या आगेमागेच. वर्षभराचा कच्चा माल त्याच दिवसांत भरून ठेवायचा असतो. गोडाऊन तेव्हा गळ्यापर्यंत भरलेलं. त्यात मे महिन्यात खोक्यांच्या गाड्या आल्या. पंचवीस-पंचवीसचे पट्टी बांधलेले गठ्ठे, एकावर एक. पॅलेट पुरले नाहीत म्हणून खालच्या थराखाली नुसती ताडपत्री. भिंतीपासून हातभर जागा सोडायचा माझा नियम होता, तोही मोडावा लागला. हळदीची पोती आत मावेनात म्हणून बाहेर शेड भाड्याने घेतली. त्या शेडचं भाडं हळदीच्या नावावर पडलं, खोक्यांच्या नाही. "आपल्याच" गोडाऊनचा खर्च असा दुसऱ्याच्या खात्यात जाऊन लपतो.

जून उजाडला. कोरुगेटेड खोकं म्हणजे कागदच, ते हवेतली ओल पितं. वरून कोरडं दिसतं, पण बोटाने दाबलं की मधली नळी परत वर येत नाही. गठ्ठ्याची पट्टी सोडली तर खालच्या खोक्यांच्या कडा चपट्या झालेल्या, सांध्यावरचा गोंद सुटलेला. पॅकिंगच्या बायका मला हाक मारायच्या, "बाई, हे बघा, टेपच धरत नाही." टेप चिकटायची ती वरच्या कागदाला, आणि तो कागदच सुटून यायचा. भरलेलं खोकं उचललं की तळाची पाती उघडायची. ट्रकमध्ये चार थर लावायचे तिथे तीनच लावायला लागले, म्हणजे तेवढ्याच मालाला भाडं जास्त. डिस्ट्रिब्युटरकडून मोडलेल्या खोक्यांच्या तक्रारी आल्या, त्याची क्रेडिट नोट, म्हणजे बिलातून परत द्यावी लागलेली रक्कम, सेल्सच्या खात्यात. पर्चेसच्या तक्त्यावर यातलं काहीही नाही. तिथे दर कमी झालेला होता आणि बचत झालेली होती.

आणि शेवटी गणपतीच्या सुमारास सेल्सने एका पाकिटाची पॅकिंग बदलली, खोक्यात शंभर पाकिटं जायची ती ऐंशी केली. खोक्याचा साइज बदलला, छपाई बदलली. जुन्या साइजचे जे गठ्ठे उरले होते ते रद्दीच्या भावाने गेले.

मी एका कागदावर हे सगळं मांडलं. शेडचं भाडं, खराब झालेली खोकी, रद्दीतला तोटा, ट्रकचं वाढलेलं भाडं, क्रेडिट नोटा, व्याज. त्या खोक्यांवर टक्का तिशीच्या पुढे गेला होता. कागद मालकांपुढे ठेवला. त्यांनी शांतपणे वाचला आणि पुढच्या ऑर्डरपासून महिना-दीड महिन्याच्या वर खोकी घ्यायची नाहीत असं सांगितलं. पर्चेसच्या साहेबांनी ते कधी मनापासून मान्य केलं नाही. पुढे २०२१ च्या आसपास क्राफ्ट पेपरचे भाव भडकले तेव्हा त्यांनी मला आवर्जून ऐकवलं, की सहा महिन्यांचा साठा असता तर किती वाचलं असतं!

त्याचं उत्तर तेव्हा द्यायचं राहिलं, ते इथे देते. भाव वाढणार हे आधी कळलं म्हणून जादा माल भरणं हा वेगळा निर्णय आहे. त्यात तुम्ही कागदाच्या भावावर पैसे लावता, आणि भाव पडला तर तो तोटाही तुमचाच. तो निर्णय मालकाने डोळे उघडे ठेवून, वेगळा हिशेब मांडून घ्यावा. नेहमीच्या सवलतीच्या ऑर्डरीला नंतर तो मुलामा लावू नये. एका वर्षी भाव चढला म्हणून दर वर्षी पावसात कुजणारा माल शहाणपणाचा ठरत नाही.

माझं स्पष्ट मत आहे: ज्या माणसाचं काम 'दर किती पाडला' यावर मोजलं जातं, त्याला टक्का ठरवू देऊ नका. तो माणूस वाईट नसतो. पण त्याच्या पगारवाढीच्या कागदावर दर असतो, साठा नसतो. टक्का स्टोअर आणि अकाउंट्स यांनी मिळून भरावा. तुमचा कारखाना लहान आहे, कदाचित तिन्ही खुर्च्यांवर तुम्हीच असाल. मग तर सोपं आहे, फक्त स्वतःला खरे आकडे सांगा.

तुमच्यासाठी मी असा धरला असता: कॅश क्रेडिटचं (बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं) व्याज १२, जागेचे ८, खराबी आणि साइज बदलण्याचे ८, विमा आणि उचलठेवीचे २. झाले ३०. जागेचे ८ जास्त वाटतात? ६,००० च्या ऑर्डरीत सरासरी साठा ३,००० खोक्यांचा, म्हणजे १,११,००० रुपयांचा. त्याचे ८ टक्के म्हणजे वर्षाला ८,८८०, महिन्याला ७४०. तुमच्या एमआयडीसीत तेवढी कोरडी, छताखालची जागा महिना ७४० रुपयांत कोणी देतो का ते विचारून बघा. शिवाय सूत्र सरासरी साठ्यावर जागा मोजतं, पण गाडी येते त्या दिवशी जागा पूर्ण ६,००० ची लागते, आणि नंतर अर्धी रिकामी झाली तरी ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही. म्हणजे ८ सुद्धा मी कमीच धरलेत.

ऑर्डरीच्या खर्चातही असंच बघा. पर्चेसच्या क्लार्कचा पगार त्यात घालू नका. ऑर्डरी निम्म्या झाल्या म्हणून त्याचा पगार निम्मा होणार नाही. ऑर्डर टळली तर जो पैसा खिशातून जात नाही तेवढाच धरा. तुमचे १,२०० मला बरोबर वाटतात.

आणि १,५८९ हा आकडा देवाने दिल्यासारखा पाळू नका. १,५०० मागवले तर वर्षाला ३० रुपयांचा फरक पडतो, २,००० मागवले तर ४८० चा. तळाशी हा खर्च जवळजवळ सपाट असतो. टेम्पोत किती बसतात ते बघा आणि तो आकडा धरा.

आता काही गोष्टी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. ३७ चा दर सगळ्या नगांना आहे की फक्त ६,००० च्या पुढच्या नगांना, हे सप्लायरकडून लिहून घ्या. पुढच्याच नगांना असेल तर ६,००० वर तुम्हाला जवळपास काहीच मिळत नाही आणि वरचा सगळा हिशेब बदलतो. तुमचा कारखाना कोरड्या भागात असेल, जागा खरंच रिकामी पडून असेल आणि खोक्यावर छपाई नसेल, तर टक्का विशीच्या खाली येईल आणि मोठी ऑर्डर बरोबर ठरेल. तेव्हा ती घ्या, मी नाही म्हणणार नाही. जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर तो कर किमतीत धरू नका, पण क्रेडिट वापरलं जाईपर्यंत तेवढे पैसे अडकतात हे लक्षात ठेवा.

उधारीचंही बघा. खोकीवाला बहुतेक उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असणार. एमएसएमई कायद्यानुसार अशांचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकवावं लागतं, आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराचा नियमही (तेव्हाचं ४३बी(एच) कलम) त्याला जोडला गेला. मुदत उलटली आणि वर्षअखेरीला रक्कम बाकी राहिली तर त्या वर्षी तो खर्च वजावटीला मिळत नाही. पूर्वी तीन-तीन महिने उधारी चालायची, तेव्हा साठ्याचा बराच भार सप्लायरच सोसायचा. आता ६,००० घेतले तर ४५ व्या दिवशी पूर्ण पैसे जातात आणि गोडाऊनमध्ये ४,५०० खोकी, म्हणजे १,६६,५०० रुपये, तुमच्या पैशाने उभी असतात.

माझ्या मते तुम्ही ६,००० ची ऑर्डर आणि ३८ चा दर या दोन्हींत अडकूच नये. सप्लायर दर कमी का करतो ते विचारा. बहुतेक वेळा कारण मशीनची सेटिंग, छपाईची प्लेट आणि कागदाचे रील घेण्यातली खात्री हे असतं. त्याला हवी आहे ती खात्री. तुमचं गोडाऊन भरलेलं असण्याशी त्याला देणंघेणं नाही. वर्षाच्या १२,००० चा रेट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे दर बांधून घेणारा करार, लेखी द्या, डिलिव्हरी दर दोन महिन्यांनी २,००० ची, दर ३७ मागा, साडेसदतीसवर तुटलं तरी चालेल. २,००० च्या खेपा, दर साडेसदतीस आणि टक्का ३० धरून वर्षाचा खर्च ४,६८,४५० येतो, वरच्या ३० टक्क्यांच्या दोन्ही पर्यायांपेक्षा कमी. करारात दोन अटी घाला. कागदाचा भाव ठरावीक टक्क्यांपेक्षा हलला तर दर पुन्हा ठरेल, आणि साइज बदलायचा झाला तर एका खेपेची आगाऊ सूचना पुरेल. तुमच्याकडे दोन-तीन साइजची खोकी एकाच जीएसएमच्या (दर चौरस मीटरला तेवढ्याच ग्रॅम वजनाच्या) कागदाची असतील तर सगळ्यांची मिळून संख्या धरून स्लॅब द्या असंही सांगून बघा, पुष्कळ खोकीवाले तयार होतात. बोलणी एप्रिलच्या आधी करा आणि जूनची खेप शक्य तेवढी लहान ठेवा.