सासऱ्यांना युद्धाने उजाडलेल्या गावी जाऊ द्यावे का?

वृद्ध आईवडील जुन्या गावी परत जायचा ध्यास घेतात, तिथे आता काही उरलेले नाही, तर त्यांना अडवावे की जाऊ द्यावे, हा प्रश्न फोंड्यातील माझ्या समुपदेशन केंद्रात अनेकजण घेऊन येतात. बहुतेकांचे गाव सत्तरी तालुक्यात किंवा तळकोकणात असते. या जोडप्याचे श्रीलंकेत होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पत्नी सांगे तालुक्यातील मराठी घरातली, पती पणजीत एका हॉटेलात आचारी. १९८३ च्या जुलैमधील तमिळविरोधी हिंसाचारानंतर त्याचे आईवडील किलिनोच्ची जिल्ह्यातून होडीने रामेश्वरला आले आणि १९८६ मध्ये मंडपमच्या छावणीत त्याचा जन्म झाला. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मल्यामुळे तो कायद्याने भारतीय. आईवडील मात्र तमिळनाडूतील छावणीत आजही निर्वासितच. मे २००९ मध्ये युद्ध संपले तेव्हापासून वडिलांनी परतीचा विषय काढला होता, आणि गेल्या वर्षी त्यांनी अर्ज करण्याचे ठरवले.

पत्नी म्हणाली, "मॅडम, मामा ऐकत नाहीत आणि हे तर बोलायचेच बंद झालेत." तिची भीती रास्त होती. त्या भागात सुरुंग काढण्याचे काम युद्ध संपून इतकी वर्षे झाली तरी चालूच आहे, शिवाय सासऱ्यांना मधुमेह. तिचे आजोळ साळावली धरणात गेलेले कुर्डी, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. मे महिन्यात पाणी ओसरले की तिची आई सोमेश्वराच्या उत्सवाला तिथे जाते आणि संध्याकाळी वाडें येथील घरी परतते, तसेच सासऱ्यांनी एकदा जाऊन यावे असे तिला वाटे. पण शासनाचा निर्गमन परवाना घेऊन देश सोडला की छावणीतील नोंद संपते. पुन्हा यायचे तर परदेशी नागरिक म्हणून व्हिसा काढूनच. म्हणून सासऱ्यांसाठी 'जाऊन बघून येणे' हा पर्यायच नव्हता.

दोघांनाही मी आपापली भीती स्वतंत्र कागदावर लिहायला सांगितली. तिने औषधे, इस्पितळ, सुरुंग अशी यादी केली. त्याने एकच ओळ लिहिली: वडील तिथे गेले तर त्यांना अग्नी द्यायला मी वेळेवर पोहोचणार नाही. ती ओळ तिने वाचली आणि बराच वेळ तो कागद हातातच धरून बसली. घरच्यांना अबोल माणूस बेफिकीर वाटतो. माझ्या अनुभवात तो बहुधा अपराधी भावनेने गप्प झालेला असतो. ज्या गावासाठी वडील झुरतात ते त्याने पाहिलेलेही नव्हते, आणि वडिलांना न मिळालेला पासपोर्ट त्याच्या खिशात होता.

त्याच पासपोर्टवर तो पर्यटक म्हणून आधी पाहून आला. घराच्या दोन भिंती उभ्या होत्या, विहीर बुजली होती आणि जागेवर एका विस्थापित कुटुंबाने गोठा बांधला होता. व्हिडिओ कॉलवर हे पाहून वडील खचतील असे दोघांना वाटले होते. त्यांनी मात्र विहिरीशेजारचा ताड शाबूत आहे का एवढेच विचारले, आणि मग जाफना शहरात पुतणीच्या घराजवळ भाड्याने खोली मिळेल का, याची चौकशी करायला सांगितली. जमिनीचा वाद नंतर पाहू म्हणाले.

माझा पुढचा प्रश्न सासूबाईंविषयी होता, कारण तोवर त्यांचे मत कोणीच विचारले नव्हते. आपल्याकडेही वाटण्या आणि स्थलांतरे अशीच ठरतात. सुनेने फोन केला तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले की छावणीतल्या शेजारणी हेच आपले गाव आहे आणि आपण जाणार नाही. अडवावे की जाऊ द्यावे हा प्रश्न तिथेच बदलला. उतारवयात नवराबायकोने दोन देशांत राहायचे का, हे त्या दोघांनी समोरासमोर बसून बोलायला हवे, म्हणून मुलगा व सून छावणीत जाऊन राहिली, आणि ते बोलणे होईपर्यंत सासऱ्यांनी परवान्याचा अर्ज थांबवून ठेवला आहे.