कुंपणाचे खांब: खड्डा किती खोल, किती रुंद?

पहिलंच कुंपण आहे ना, मग टेन्शन घेऊ नका, सुरुवातीला दोनतीन गोष्टी सांभाळल्या तरी काम पक्कं होतं. खांबाच्या एकूण लांबीचा साधारण एक तृतीयांश भाग जमिनीत गेला पाहिजे, म्हणजे ६ फूट वर हवा असेल तर ९ फुटी खांब घ्या आणि ३ फूट गाडा. रुंदी खांबाच्या तिप्पट, ४ इंची खांबाला १२ इंच. तळाला ४-६ इंच खडी टाकणार असाल तर खड्डा तेवढा जास्त खोल घ्या, हे बरेच जण विसरतात आणि मग खांब वर राहतो.

नवीन लोकांच्या नेहमीच्या चुका:
- खड्डा वर रुंद, खाली निमुळता. तळ तरी वरच्याइतकाच रुंद ठेवा, पहारीने कडा सरळ उतरवा
- कोपऱ्याचा आणि गेटचा खांब बाकीच्यांसारखाच धरणं. सगळा ताण त्यांच्यावरच येतो, ते जास्त खोल आणि जाड घ्या
- खांबाभोवती ओतलेलं काँक्रीट जमिनीच्या पातळीखाली सोडणं, तिथे पाणी साचतं आणि लाकूड नेमकं तिथेच कुजतं. थोडं वर आणून बाहेरच्या बाजूला उतार द्या

खांब सरळ उभा आहे का ते बघायला ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) दोन बाजूंनी लावा. तारेचा ताण वगैरे नंतर बघू, आधी कोपऱ्याचे खांब उभे करा, त्यांच्यात दोरी बांधा आणि मगच मधले खड्डे खणा.