आकाशातले किरण आणि लेकीची बारावी

नमस्कार,

तुम्ही लिहिलंय, "शिरोलीला माझी फौंड्री आहे. लेक बारावी सायन्सला. आकाशातल्या किरणांनी कॉम्प्युटरची मेमरी चुकते असं वाचल्यापासून तेच शिकायचं म्हणते. यावर पोट भरतं का?"

विषय खरा आहे. अवकाशातून आलेले प्रोटॉन (हेच मुख्यतः वैश्विक किरण) वातावरणावर आदळतात, त्यातून न्यूट्रॉन सुटतात. एखादा न्यूट्रॉन चिपमधल्या सिलिकॉनच्या अणुकेंद्रावर आपटला, की तिथं विद्युतभार तयार होतो आणि कधीकधी शून्याचा एक होऊन बसतो. तुमच्याकडं कास्टिंगमध्ये ब्लोहोल (आत राहिलेली हवेची पोकळी) निघाला की जॉब रिजेक्ट. इथं चिपला काही झालेलं नसतं. आत लिहिलेलं तेवढं बदलतं, पुन्हा लिहिलं की बरोबर. 2003 साली बेल्जियममध्ये एका उमेदवाराला मतयंत्रानं 4096 मतं जादा दिली. दोनाचा बारावा घात! एकच बिट (मेमरीतला एक 0 किंवा 1) उलटला तर नेमकी अशीच वाढ होते. प्रोग्राममध्ये चूक सापडेना, तेव्हा संशय या किरणांवर गेला. (लेकीचा लॅपटॉप हँग होतो त्याचं खापर मात्र आकाशावर फोडू देऊ नका.)

पोटाचं म्हणाल तर विमानाच्या उंचीवर हा मारा जमिनीच्या शेकडो पट असतो. त्यामुळं विमानं, उपग्रह, मोठे सर्व्हर यांना चूक पकडून दुरुस्त करणारी मेमरी लागते, आणि ती बनवणारी, तपासणारी माणसंही.

तिला यातलं काय आवडलंय, हे मला पत्रातून कळलं नाही. घरी एक करा. एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं काढा. सात कप्पे पडतील. आतल्या चार सामाईक कप्प्यांत तुम्ही हवे ते 0 किंवा 1 लिहा. बाहेरचे तीन तिनं असे भरायचे, की प्रत्येक वर्तुळात एकांची संख्या सम येईल. मग तिची पाठ असताना एक आकडा बदला. कुठली वर्तुळं बिघडली ते बघून तिनं तो शोधायचा. चूक पकडून दुरुस्त करायची, गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांनी 1950 साली मांडलेली युक्ती हीच.

यात ती रात्री जेवण विसरली, तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर घ्या. सीईटी आहेच, जेईई अॅडव्हान्स्डची तयारी असेल तर तिरुवनंतपुरमची अंतराळ संस्थाही बघा. "पण तो प्रोटॉन आला कुठून?" असं विचारत बसली, तर बीएस्सी फिजिक्स, शिवाजी विद्यापीठ घरापासून लांब नाही, आणि पुढं उटीला टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) वैश्विक किरणांचा प्रयोग आहे.

दोन्हींतलं काहीही ठरलं तरी सीईटीचा फॉर्म भरून ठेवा.