वाचकांचे प्रश्न : कायद्यांची यादी म्हणजे परिणाम नव्हे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेतल्या सामाजिक सुधारणा वर्गात कशा शिकवाव्यात, यावर नाशिक जिल्ह्यातल्या वाचकांचे प्रश्न आले. त्यांतले चार या अंकात.

प्रश्न : बी.ए.च्या वर्गाला अमेरिकेतला प्रगतिवादी कालखंड (साधारण १८९० ते १९२०) शिकवते. ‘परिणाम लिहा’ म्हटलं की मुलं कायद्यांची यादी उतरवतात. हाताशी दोनच तासिका आहेत. काय करावं?
– प्राध्यापिका, नाशिक रोड

उत्तर : सगळ्या चळवळी एकदम घेऊ नका. स्त्रियांचं मतदान, अन्नभेसळ, मक्तेदारी यांना फळ्यावर एक तक्ता पुरे. दोन्ही तासिका बालमजुरीला द्या. कायदा होणं, कोर्टात पडणं, दुसरी वाट शोधणं आणि तीही बंद होणं, हे सगळं या एकाच विषयात सापडतं.

जाड कागदाच्या आठ पट्ट्या करा. घटना पुढच्या बाजूला, वर्ष मागे. राष्ट्रीय बालकामगार समितीची स्थापना (१९०४). समितीसाठी छायाचित्रकार लुईस हाइनचं काम सुरू (१९०८). बालमजुरीविरोधी पहिला केंद्रीय कायदा, कीटिंग-ओवेन (१९१६). सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला (१९१८). मुलं राबवणाऱ्यांच्या निव्वळ नफ्यावर दहा टक्के कर (१९१९). तोही रद्द (१९२२). बालमजुरीवर कायदा करायचा अधिकार केंद्राला देणारी घटनादुरुस्ती केंद्रीय कायदेमंडळात मंजूर, पण पुरेशा राज्यांची संमती कधीच नाही (१९२४). बालमजुरीवर केंद्राची मर्यादा घालणारा न्याय्य श्रममानक कायदा (१९३८). पाच-सहा जणांचे गट करा आणि क्रम लावायला दहा मिनिटं द्या.

करवाली पट्टी हमखास चुकीच्या जागी जाते. कराचा आणि बालमजुरीचा संबंधच मुलांना लागत नाही. तिथेच थांबून समजावा. कामगार कायदे हा तेव्हा राज्यांचा विषय मानला जाई आणि केंद्राच्या हातात होता तो राज्याराज्यांमधला व्यापार. म्हणून १९१६च्या कायद्याने मुलांच्या कामावर थेट बंदी घातली नाही. चौदा वर्षांखालची मुलं असलेल्या कारखान्याचा आणि सोळाखालची असलेल्या खाणीचा माल राज्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्यात होतं. उत्पादन ही स्थानिक बाब आहे, असं न्यायालय म्हणालं. मग कर लावण्याच्या अधिकारातून तेच साधायचा प्रयत्न झाला.

१९१८च्या खटल्यात दाद मागणारा होता एक बाप, डेगनहार्ट नावाचा, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटचा. त्याचे दोन मुलगे सूतगिरणीत कामाला होते आणि कायद्याने त्यांची मजुरी जाणार होती. वर्गाला त्याच्या बाजूने पाच ओळी लिहायला लावा. दाव्यामागे गिरणीमालक उभे होते, हे मात्र ओळी लिहून झाल्यावरच सांगा. आधी सांगितलंत तर सगळे मालकांना शिव्या घालून मोकळे होतात.

दुसऱ्या तासिकेला आकडे. जनगणनेनुसार दहा ते पंधरा वयाच्या मुलांपैकी काम करणारी १९०० आणि १९१० साली १८ टक्क्यांच्या आसपास, १९२० साली साडेआठ, १९३० साली पाचाच्याही खाली. आता विचारा, १९३८च्या कायद्याचा परिणाम यात कुठे दिसतो? बहुतेक घट आधीच झालेली आहे. त्यामागे राज्यांचे स्वतःचे कायदे होते, यंत्रं होती आणि सक्तीचं शिक्षण होतं. ते लागू करणारं शेवटचं राज्य मिसिसिपी, १९१८ साली.

इथे एक सापळा आहे. १९१०ची गणना एप्रिलच्या मध्यावर झाली, शेतीची कामं सुरू असताना. १९२०ची जानेवारीत झाली. म्हणजे घसरणीतला काही भाग निव्वळ कॅलेंडरचा. द्राक्षतोडणीच्या महिन्यात मजूर मोजले आणि भर पावसाळ्यात मोजले तर आकडा सारखा येईल का, असं विचारलं की निफाडची मुलं लगेच मान डोलावतात. शेतीतल्या मुलांना १९३८च्या कायद्यानेही बव्हंशी बाहेरच ठेवलं होतं, हे याच ठिकाणी सांगून टाका.

गुण देताना चार गोष्टी पाहा : मागणी कोणाची, कायदा काय, अंमल किती, वगळलं कोणाला. नुसता कायदा आणि साल लिहिलं तर पाचापैकी दोनच्या वर देऊ नका.

प्रश्न : हाइनची छायाचित्रं दाखवली की मुलं ‘बिचारे’ म्हणतात आणि चर्चा संपते. शाळेत प्रोजेक्टर नाही.
– बी.एड. प्रशिक्षणार्थी, सिन्नर

उत्तर : प्रोजेक्टर नाही ते बरंच. मोठ्या पडद्यावर मुलं फक्त बघतात, हातातल्या कागदात शोधतात. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे ही पाच हजारांवर छायाचित्रं आहेत आणि ती मोफत उतरवून घेता येतात. एकच निवडा, ए-फोर कागदावर प्रत्येक गटाला एक प्रत द्या. झेरॉक्सची झेरॉक्स काढू नका, सूतगिरणीच्या अंधारात चेहरे काळे होऊन जातात.

पहिली पाच मिनिटं फोटोखालची ओळ न दाखवता. मुलाचे पाय, यंत्राची उंची, मागे उभा असलेला माणूस, एवढंच टिपायला सांगा. मग हाइनने लिहिलेली ओळ वाचा : वय, गाव, मजुरी. गिरणीत शिरायला तो कधी अग्निसुरक्षेचा तपासनीस बनून जाई आणि मुलाची उंची आपल्या जाकिटाच्या बटणांवरून ताडे. आता विचारा, हा फोटो कोणाला दाखवायला काढला? चौकटीबाहेर काय राहिलं? तो समितीच्या प्रचारासाठी काढलेला पुरावा आहे. प्रचारासाठी असला म्हणून तो खोटा ठरत नाही, पण निवडलेला ठरतो. हा फरक लक्षात आला की ‘बिचारे’ थांबतं.

एक पथ्य पाळा. ‘तुमच्यापैकी कोण काम करतं?’ असं वर्गात विचारू नका. सिन्नरमध्ये घरोघरी विड्या वळल्या जातात, त्या घरातलं पोर मान खाली घालून बसेल.

प्रश्न : अमेरिकेतली दारूबंदी ‘फसली’ असं एका शब्दात लिहिलेलं चालेल का?
– शिक्षक, दिंडोरी

उत्तर : नाही. १७ जानेवारी १९२० ते ५ डिसेंबर १९३३ या काळात बंदी होती ती उत्पादन, विक्री आणि वाहतुकीवर. पिणं गुन्हा नव्हता. सुरुवातीला खप खरोखर घटला, मात्र ती घसरण बंदीच्या आधीच सुरू झाली होती.

याला पैशाची बाजू जोडा. दारूवरचा कर हे केंद्राचं मोठं उत्पन्न होतं. १९१३च्या घटनादुरुस्तीने प्राप्तिकराची वाट मोकळी झाली, म्हणून ते सोडणं परवडलं. महामंदीत प्राप्तिकर आटला आणि दारूचा कर पुन्हा हवासा झाला.

दिंडोरीच्या वर्गाला हेही सांगा : घरापुरता फळांचा रस करायला मुभा असल्याने (त्याचीच घरोघरी वाइन होई) कॅलिफोर्नियात द्राक्षाची लागवड बंदीच्या काळात उलट वाढली. मागणी आली आलिकांते बुशे या जातीला. साल जाड, गर लाल, रेल्वेने देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत टिकणारी. टिकवणक्षमतेचं महत्त्व बागायतदारांच्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

प्रश्न : या चळवळींचा महाराष्ट्राशी संबंध दाखवता येईल का?
– शिक्षिका, येवला

उत्तर : येईल, पण पुरावा आणि साम्य वेगळे ठेवा. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते आणि अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई तिथे त्यांचे शिक्षक होते. जातिसंस्थेच्या उच्चाटनावरच्या १९३६च्या, प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात त्यांनी ड्यूईंचं ऋण नाव घेऊन मान्य केलंय. हा पुरावा. २ मार्च १९३०ला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचं मूळ मात्र थेट अमेरिकेत शोधू नका.

‘अमेरिका पुढे, आपण मागे’ हेही टाळा. आपल्याकडचा पहिला कारखाने कायदा १८८१चा. सात वर्षांखालच्या मुलांना बंदी, बारापर्यंतच्यांना नऊ तास. अमेरिकेचा केंद्रीय कायदा त्यानंतर पस्तीस वर्षांनी आला. अर्थात त्या १८८१च्या कायद्यामागे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थही होता. मुंबईच्या कामगारांची बाजू मांडायला नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले ते १८८४ साली.

मूळ साधन मराठीतच हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं अमेरिकेवरचं १८८९चं पुस्तक घ्या. ते या कालखंडाच्या जरा आधीचं, त्यामुळे ‘सुधारणांपूर्वी’ची बाजू म्हणून चालेल. स्त्रियांच्या स्थितीवरच्या प्रकरणातली दोन पानं एका तासिकेला पुरतात. भाषा जुन्या वळणाची आहे, तेव्हा वर्गात नेण्याआधी एकदा मोठ्याने वाचून अडणारे शब्द काढून ठेवा.